गर्गूर

अल रम्सच्या धक्क्यावर शुक्रवारी पहाटे
खलफान आधी वही काढतो, मग इंजिन चालू करतो.
शाळेची वही, मागे पाढे छापलेली,
पानं खाऱ्या हवेनं पापडासारखी.
चाळीस वर्षांत समुद्रात सोडलेला
आणि परत न आलेला एकेक गर्गूर तिच्यात आहे:
कुठे, किती वाव पाण्यात, कोणत्या वाऱ्यात,
कुणाच्या जहाजाच्या पंख्यानं दोर कापला.

गर्गूर म्हणजे तारेचं घुमट.
आपल्याकडे कोंबड्या झाकायचं डालगं असतं ना, तसं,
फक्त माणूस आत बसेल एवढं.
तोंड नरसाळ्याचं. आत जाणं सोपं.
(या वाक्यावर आमच्या खोलीतले सगळे हसतात.
मी हसत नाही. पाण्याखाली
उपमा परवडत नाहीत, हवा मोजून मिळते.)

दोर तुटला तरी गर्गूर कामावरच असतो.
हेकरू शिरतो, इथे त्याला हमूर म्हणतात,
फिरतो, थकतो, मरतो,
त्याच्या वासानं दुसरा येतो.
मालक नाही, बाजार नाही,
मासेमारी मात्र चालू.
पहिल्या दिवशी एक पिंजरा उचकटला
तेव्हा आत सात सांगाडे आणि एक जिवंत,
नाक तारेवर घासून पांढरं पडलेलं.
जाळी कापली तरी तो बाहेर येईना.
शेवटी शेपटाकडून ढकलला,
हट्टी बकरीला ढकलावं तसा.

माझ्या व्हिसावर लिहिलंय गवंडी.
बुडी मारायला मी बुरोंडीच्या खडकांत शिकलो,
कालवं काढता काढता.

वरून पाणी निळं आहे, फोटोला चांगलं.
खाली गेल्यावर कळतं,
खाऱ्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यानं मागे टाकलेलं मीठ
तळाशी कोमट हलतं,
काचेवरून तेल ओघळावं तसं.
तिथलं प्रवाळ हाडाच्या रंगाचं.
तेच गोडं पाणी आम्ही बोटीवर पितो
आणि रिकाम्या बाटल्या खलफान मोजून परत घेतो.

किनाऱ्यावर उतरताना टाचेला डांबर.
रात्री कुण्या टँकरनं टाकी धुतली असणार.
तो रॉकेल पुढे करतो, मी खोबरेल लावतो.
पावसाळ्यात आमच्या वाळूतही हेच काळे गोळे यायचे,
अम्मा ओट्यावर बसवून टाच चोळायची,
म्हणायची, दर्या ओकला की आपण पुसायचं.
त्याला पाजलं कुणी,
हे मी तेव्हा विचारलं नाही.

परवा सतराव्या पानावरच्या खुणेवर उतरलो.
गर्गूर होता, त्याच्याच गाठीचा,
पण तारा गंजून झडलेल्या, एक कूस उघडी,
उरलेल्या सांगाड्यावर शिंपले, एक मऊ जांभळं प्रवाळ,
आणि बोटाएवढे मासे आत-बाहेर करत होते
मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे.
वर येऊन सांगितलं.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, दोर तेवढा काप, नायलॉनचा आहे,
तो गंजायचा नाही. बाकी राहू दे.
वहीत त्या ओळीवर त्यानं काट मारली नाही,
शेजारी एक मासा काढला. वाईट काढला.

त्यांचा दोन आपल्या दोनसारखा दिसतो, तीनही.
आज शेवटच्या पानावर उरलेल्यांची बेरीज होती
आणि मला दिसली दोन शून्यं.
मी ओल्या हातांनी टाळी वाजवली,
म्हटलं, संपलं, चाचा!
त्यानं चष्मा पुसला, वही माझ्यासमोर धरली,
अरे मुजम्मिल, आमचा पाच असा असतो.
पंचावन्न.

इंजिन थंड व्हायच्या आत त्यानं विचारलं,
पुढच्या शुक्रवारी ड्युटी आहे का तुझी.